बॅटरी नवी, सेल्फ ओव्हरहॉल, तरी गाडी धक्का स्टार्ट

गाडी म्हणजे मेकॅनिकल पंपाची जुनी डिझेल जीप. चिपळूण स्टेशनवरून गुहागर रस्त्यावरच्या गावांना वडाप (खाजगी प्रवासी वाहतूक) करणारी. मालक वयस्कर, गाडी चालवतो त्यांचा भाचा. माझ्याकडे आली तेव्हा तक्रार एका वाक्याची होती: "गाडी चालू होत नाय."

हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न माझा ठरलेला असतो. सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) फिरत नाही, की सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही? या दोन तक्रारींच्या वाटा पूर्ण वेगळ्या. सेल्फ जोरात फिरतोय आणि इंजिन पेटत नाही, तर डिझेल, हवा, फिल्टर, हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारे), पंपाचा स्टॉप सोलेनॉइड (डिझेल सोडणारा-तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) यांकडे जायचं. सेल्फच नीट फिरत नसेल तर डिझेलच्या पाइपाला हातही लावायचा नाही. बॅटरी, केबल, सोलेनॉइड स्विच, सेल्फ आणि अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची जोडणी) एवढ्यातच शोधायचं. निम्म्या गाड्यांचं निदान चुकतं ते इथेच, कारण हा प्रश्न कोणी विचारत नाही.

भाच्याचं उत्तर मात्र दोन्हीकडचं होतं. कधी नुसता "टक" आवाज येतो आणि पुढे काही नाही. कधी सेल्फ रेंगाळत, कण्हत फिरतो, मागे थोडा पांढरा धूर येतो आणि इंजिन पकडत नाही. आणि कधी काही झालंच नाही अशी पहिल्या किल्लीला चालू. धक्का दिला की मात्र हमखास चालू होते, आणि एकदा चालू झाली की बंद करेपर्यंत कुरकुर नाही.

आधी काय काय होऊन गेलं होतं

ही यादी वाचताना एक लक्षात घ्यावं, की यातलं एकही काम मूर्खपणाचं नव्हतं. प्रत्येकाला त्याच्यापुरतं कारण होतं.

पहिल्यांदा बॅटरी बदलली. जुनी चार वर्षांची होती, सकाळी मान टाकायची, त्यामुळे कोणीही तेच केलं असतं. नवी बॅटरी टाकल्यावर थोडे दिवस गाडी ठीक चालली आणि पुन्हा तेच. दुकानदाराने बॅटरी तपासून सांगितलं, "चार्ज कमी आहे, तुमचा डायनॅमो बघा." डायनॅमो, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, खोलला. कार्बन (ब्रश) ठीक, आउटपुट ठीक. बेल्ट थोडा ताणून दिला.

मग सेल्फ. भाच्याने स्वतःचा एक उपाय शोधून ठेवला होता: सेल्फ घेत नसला की गाडी गिअरमध्ये टाकून पुढे-मागे हलवायची, मग पुष्कळदा चालू व्हायची. हे ऐकलं की कुठल्याही मेकॅनिकच्या डोक्यात बेंडिक्स येतो, म्हणजे सेल्फचं इंजिनाला फिरवणारं दातेरी चाक. बेंडिक्सचा दात फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकला की गाडी हलवून तो सुटतो, हे खरंच आहे. म्हणून सेल्फ उतरवला, बुश बदलले, कार्बन बदलले, बेंडिक्स नवीन टाकला. बेंचवर सेल्फ सुसाट फिरला. गाडीवर बसवल्यावर पुन्हा कण्हायला लागला.

त्यानंतर कोणीतरी पांढरा धूर पाहिला आणि म्हणालं, "हवा धरतेय." डिझेल फिल्टर नवा, पाइपाचे वॉशर नवे, हातपंप मारून हवा काढली. काही फरक नाही.

या सगळ्यात आणखी एक काम झालं होतं, ते मालकांनी मला सांगितलंही नव्हतं. बिलांच्या चळतीत मला सापडलं. मधे ॲक्सिलरेटरची केबल जड झाली म्हणून बदलली होती. त्याचा याच्याशी संबंध असेल असं कोणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं.

जम्पची (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर चालू करण्याची) गोष्ट

गाडीचं बॉनेट उघडण्याआधी मी भाच्याला चहाच्या टपरीवर बसवून बोलतं केलं. ड्रायव्हर रोज गाडीबरोबर असतो, त्याला जे दिसतं ते मीटरला दिसत नाही. फक्त तो ते आपणहून सांगत नाही, कारण त्याला ते महत्त्वाचं वाटत नाही.

"मेस्त्री, एक गंमत सांगू काय? परवा स्टेशनवर ट्रकवाल्याने जम्प दिला, पहिल्या झटक्यात चालू. काल रिक्षा स्टँडवर दुसऱ्याने दिला, त्याची बॅटरी ट्रकपेक्षा नवीन, तरी नुसतं टक टक."

"काळा चिमटा कुठं लावला होता?"

तो थांबला. आठवून म्हणाला, "ट्रकवाल्याने इंजिनाला लावलान. त्या हुकाला. कालच्याने बॅटरीवरच लावला, काळ्याला काळा."

माझ्या दृष्टीने प्रकरण इथेच जवळजवळ संपलं होतं. दोन्ही वेळा मदतीची बॅटरी चांगली होती आणि लाल चिमटा एकाच जागी होता. फरक होता तो फक्त करंट परत कुठून जातो याचा. ट्रकवाल्याने इंजिनाला थेट परतीचा रस्ता दिला, म्हणून सेल्फ फिरला. दुसऱ्याने बॅटरीवर लावला, तेव्हा इंजिनापासून बॅटरीच्या काळ्या टर्मिनलपर्यंतचा गाडीचा स्वतःचा रस्ता वापरावा लागला, आणि तो रस्ता खराब होता.

(जम्प देताना काळा चिमटा बॅटरीवर न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावावा असं गाड्यांच्या पुस्तिकांत छापलेलं असतं. त्याचं कारण वेगळं आहे: चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचा चिमटा लावताना ठिणगी पडते. ट्रकवाल्याने पुस्तिका वाचली होती की सवयीने लावला, देव जाणे. पण निदान त्याच्यामुळे झालं.)

हेडलाइट लावून किल्ली

तरी अंदाजावर काम करायचं नाही. आधी सगळ्यात फुकटची चाचणी केली. हेडलाइट लावले, भिंतीवर उजेड पाडला आणि भाच्याला किल्ली मारायला सांगितली. सेल्फ "टक" म्हणाला आणि थांबला. उजेड किंचित उतरला, पण राहिला.

बॅटरी मेलेली असती तर हेडलाइट विझत आले असते, निखाऱ्यासारखे लाल झाले असते. बॅटरी जिवंत आहे आणि सेल्फला करंट पुरेसा पोचत नाही, तेव्हाच दिवे असे टिकून राहतात. शिवाय या गाडीत हेडलाइटचा अर्थ बॉडीला आहे आणि सेल्फचा अर्थ इंजिनाला. दिव्यांचा रस्ता शाबूत आणि सेल्फचा नाही, म्हणजे संशय आणखी पक्का.

मग मीटर. पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून ठेवली, म्हणजे सेल्फ मारला तरी इंजिन पेटणार नाही. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. सेल्फ एका वेळी थोडा वेळच मारायचा आणि मधे त्याला निवू द्यायचं.

बॅटरी सकाळपासून नुसती उभी होती तेव्हा १२.३ व्होल्ट. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की उतरलेली. म्हणजे ही काही भरलेली नव्हती, पण सेल्फ फिरवायला पुरेशी होती. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर १०.९. साधारण ९.६ च्या खाली गेली तर बॅटरीला दोष द्यायचा. इथे ती उलट जास्तच वर राहिली होती. जो आकडा पाहून "बॅटरी छान आहे" असं म्हणून लोक पुढे जातात, तोच आकडा सांगत होता की सेल्फने घ्यायला हवा तेवढा करंट तो घेतच नाही.

आता खरी मोजणी. सेल्फ मारत असताना रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर किती व्होल्ट खाल्ले जातात ते बघायचं. बॅटरीच्या लाल टर्मिनलवर एक प्रोब आणि सेल्फच्या जाड बोल्टवर दुसरी: ०.३५ व्होल्ट. ठीक. काळ्या टर्मिनलवर एक आणि चासीवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) दुसरी: ०.१५. उत्तम. चासीवर एक आणि गिअरबॉक्सच्या उघड्या लोखंडावर दुसरी: २.९.

तीन-साडेतीन फुटांच्या अंतरात जवळजवळ तीन व्होल्ट गायब. १०.९ मधून हे सगळं वजा केलं की सेल्फच्या वाट्याला साडेसात व्होल्ट उरतात. साडेसात व्होल्टवर सेल्फ कण्हतोच.

इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात. रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिन चासीला जोडायला तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी असते, दोन टोकांना थिंबल (तारांवर दाबून बसवलेलं, बोल्टात अडकणारं धातूचं टोक), दोन बोल्ट. सेल्फचा सगळा करंट त्या पट्टीतून परत येतो. पट्टी जागेवर होती, दोन्ही बोल्ट घट्ट होते. वरून पाहून कोणी म्हटलं असतं, अर्थ पट्टी ठीक आहे. आणि म्हटलंही गेलं होतं: आधीच्या इलेक्ट्रिशियनने मल्टीमीटर बझरवर (जोडणी अखंड असेल तर वाजतो त्या खुणेवर) लावून पट्टी तपासली होती. बीप वाजला होता.

बीप का वाजला

या जागी थोडं थांबायला हवं, कारण गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त पैसे या बीपवर वाया जातात.

माझ्याकडे डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आहे. (घरच्या वायरिंगवाल्याकडे असतो तो बहुतेक वेळा फक्त एसी मोजतो. तो बॅटरीच्या केबलला लावला तर शून्य दाखवेल आणि तुम्ही भलत्याच निष्कर्षाला पोचाल.) सेल्फ कण्हत असताना करंट होता साधारण १५० अँपिअर. २.९ भागिले १५०, म्हणजे ०.०२ ओहमच्या आतबाहेर. पट्टीचा सगळा दोष एवढाच. मल्टीमीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२ किंवा ०.३ ओहम असतो, म्हणजे शोधायच्या दोषाच्या दहापट. आणि बझर तर काही ओहम, कित्येक मीटरवर तीस-चाळीस ओहमपर्यंतसुद्धा वाजतो. तो मीटर ज्या करंटने तपासतो तो काही मिलिअँपिअर. राहाटाच्या दोराचा एकच पीळ शाबूत राहिला तर दोर तुटलेला नाही असं म्हणता येईल, पण त्याने भरलेली घागर वर येणार नाही.

म्हणून अशा जोडणीला ओहममध्ये तपासायचंच नाही. करंट चालू ठेवायचा आणि व्होल्ट मोजायचे. करंट नसताना खराब पट्टी आणि चांगली पट्टी सारखीच दिसते.

तीन व्होल्ट आणि दीडशे अँपिअर म्हणजे साडेचारशे वॅट. एवढी उष्णता त्या पट्टीत आणि तिला पर्याय म्हणून जे काही सापडेल त्यात निघत होती. पर्याय काय सापडतो? इंजिनाला आणि बॉडीला जोडणारं कुठलंही लोखंड. मी पेडलाजवळ ॲक्सिलरेटरच्या केबलवर बोट ठेवलं आणि भाच्याला किल्ली मारायला लावली. दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला केबल कोमट लागली. ब्रॅकेटपाशी तिच्या प्लास्टिकच्या वेष्टनाला वितळून आलेली चकाकी होती. मागची केबल जड का झाली होती ते तिथे कळलं: आतलं अस्तर मऊ होऊन तारेला चिकटलं होतं. केबल बनवणाऱ्याला उगाच शिव्या बसल्या.

खात्री करायला जम्पची काळी केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या काळ्या टर्मिनलवर, दुसरं इंजिन उचलायच्या हुकाच्या उघड्या लोखंडावर. किल्ली मारली. सेल्फ असा फिरला की भाचा दचकला.

पट्टी काढल्यावर

गाडी खड्ड्यावर घेतली. चासीकडचा बोल्ट सहज निघाला. गिअरबॉक्सकडचा रडत निघाला. पट्टी हातात घेऊन वाकवली आणि थिंबलच्या तोंडाशी तिच्या तारा भुग्यासारख्या तुटायला लागल्या. मधला भाग ठणठणीत, वर काळपट धूळ, आत तांबूस. पण थिंबलच्या दाबलेल्या घडीत सुकलेला बारीक गाळ होता आणि त्याच्याभोवती हिरवा कळंक. अखंड तारा चौथा हिस्साही नसतील.

गाळ आला कुठून ते मालकांनी सांगितलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा ही गाडी चासीपर्यंत पाण्यात उभी होती. त्यांनी शहाणपणा करून ती चालू केली नव्हती, ओढून नेली होती, ऑइल सगळी बदलली, ब्रेक उघडून साफ केले, सीटा धुतल्या. त्यामुळे इंजिन वाचलं. पण थिंबलच्या घडीत अडकलेला गाळ धुवून निघत नाही. तो ओल धरून ठेवतो, तांबं आणि लोखंड शेजारी असतात, त्यात दर पावसाळ्याला भर पडते. पुरानंतर लगेच काही झालं नाही, म्हणून पुढे कोणाला पूर आठवलाही नाही.

मग बाकीची कोडी आपोआप सुटत गेली.

गाडी हलवल्यावर चालू व्हायची ते बेंडिक्समुळे नाही. गिअरमध्ये ठेवून गाडी हलवली की इंजिन रबरांवर थोडं झुलतं, पट्टी वाकते, तुटक्या तारांची टोकं क्षणभर एकमेकांना चिकटतात. पांढरा धूर हवेमुळे नाही. सेल्फ हळू फिरला की सिलिंडरमधली हवा पुरेशी तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं. शिवाय हीटर प्लगचा आणि स्टॉप सोलेनॉइडचा अर्थसुद्धा इंजिनातूनच आहे, म्हणजे तेही उपाशी. धक्का दिला की या सगळ्याची गरजच संपते.

आणि नवी बॅटरी का उतरत होती? डायनॅमो इंजिनावर बसवलेला असतो, त्याचाही करंट त्याच पट्टीतून बॅटरीकडे जातो. धक्का देऊन गाडी चालू केली, हेडलाइट आणि पंखा लावला आणि मोजलं. डायनॅमोचा बोल्ट आणि त्याचीच बॉडी यांच्यात १४.२ व्होल्ट. बॅटरीवर १३.४. चासी आणि इंजिन यांच्यात ०.७. डायनॅमोवाल्याने डायनॅमोपाशी मोजलं आणि बरोबर म्हणाला. बॅटरीवाल्याने बॅटरीपाशी मोजलं, तोही बरोबर म्हणाला. दोघांच्या मधली पट्टी कोणाचीच नव्हती. १३.४ वर वडापची गाडी, दर थांब्याला सेल्फ मारणारी, बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. जुनी बॅटरी खरोखर संपली होती की तीही बिचारी उपाशी होती, हे आता सांगता येणार नाही. ती बदल्यात देऊन टाकलेली होती.

काम

नवी पट्टी जरा जाड घेतली, थिंबल दाबून वर झाळलेलं. गिअरबॉक्सवरची आणि चासीवरची बसायची जागा पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासली. चासीवर रंगाचा थर होता, रंगावर बोल्ट कितीही आवळा, करंट जातो तो फक्त आट्यांतून. बसवल्यावर जोडावर पेट्रोलियम जेली फासली. घासण्याआधी नाही, आवळल्यावर. इंजिनाच्या पुढच्या अंगाला, हुकाच्या बोल्टपासून चासीपर्यंत दुसरी एक जादा केबलही टाकली. कंपनीने दिलेली नसते, पण किनारपट्टीच्या आणि पुराच्या गाड्यांना मी ती टाकतोच. ॲक्सिलरेटरची केबलही बदलायला सांगितली, कारण भाजलेलं अस्तर पुन्हा जड होणार, आणि घाटात ॲक्सिलरेटर अडकला तर काय होईल ते सांगायला नको.

सेल्फ मारून पुन्हा मोजलं. चासी ते गिअरबॉक्स ०.०५ व्होल्ट. बॅटरीवर १०.४, म्हणजे आधीपेक्षा कमी. भाच्याला ते खटकलं. "मेस्त्री, व्होल्ट तर उतरले!" उतरणारच. आता सेल्फ पोटभर करंट घेतोय, म्हणून बॅटरी थोडी दबते. सेल्फला मिळतायत जवळजवळ पावणेदहा, आधी साडेसात मिळत होते. गाडी चालू असताना बॅटरीवर १४.१. बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली, सकाळी ती १२.६ वर उभी होती.

मालकांची आणखी एक गाडी त्याच पुरात त्याच आवारात उभी होती, ती अजून किल्लीला चालू होते. ती मागवून घेतली. सेल्फ मारताना चासी आणि इंजिन यांच्यात ०.६ व्होल्ट आले. चांगल्या पट्टीवर ०.२ च्या वर जायला नको. तिचीही पट्टी बदलली. थिंबलच्या घडीत तसाच गाळ होता, तारा मात्र बहुतेक शाबूत होत्या.